वही कोणाच्या हातात?

जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहिरी खणणाऱ्या ११ मजुरांना सोडवलं. दिवसभर खोदकाम, रात्री साखळदंड. त्यांच्यातला एक निसटून हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला, म्हणून बाकीच्यांचा पत्ता लागला. बातमी वाचून आपण हळहळलो आणि एक सोयीची समजूतही करून घेतली : साखळी दिसली तरच वेठबिगारी.

ठाणे, पालघर, रायगडच्या वीटभट्ट्यांवर साखळी लागत नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कुणाचं लग्न निघालेलं असतं, कुणाचं आजारपण. अशा वेळी शेठचा माणूस कातकरी वाडीत येऊन उचल देतो. दिवाळी झाली की अख्खं कुटुंब भट्टीवर. आठवड्याला बाजारापुरती खर्ची. हिशोब थेट हंगामाच्या शेवटी. मजुरी हजार विटांमागे, पण मोजणारा शेठचा, फुटलेल्या किती हे ठरवणारा शेठचा आणि वहीसुद्धा शेठचीच. मजुराने अंगठा द्यायचा. पावसाच्या तोंडावर त्याला सांगतात, अजून फिटलं नाही, पुढच्या दिवाळीला या.

म्हणून अंगावरचे वळ शोधत बसण्यापेक्षा मी बाजाराचा दिवस बघेन. नवरा-बायको-पोरं कधी एकत्र बाजारात दिसतात का, की कुणीतरी एक भट्टीवर ठेवूनच घेतलेला असतो? गावी मयत झाली तर एकट्या बाप्याला सोडतात का? आधार कार्ड आणि मोबाइल ‘सांभाळायला’ कोणाकडे आहेत? शाळेच्या वेळेत पोरं विटा पलटताना दिसतात का? प्रश्न मजुराला विचारला आणि उत्तर मुनीम देतो, हे तर हमखास. आणि भल्या पहाटेपासून चिखलात राबणाऱ्याला आपला हजारी भाव सांगता येत नसेल, तर माझ्या मते आणखी काही विचारायची गरज नाही.

‘स्वखुशीने आलेत हो’, हे ठरलेलं उत्तर. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ते निकालात काढलं. पोटाच्या लाचारीने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगारीच. वेठबिगारी बंदीच्या १९७६ च्या कायद्याने उचलीचं असं कर्ज रद्दच होतं, आणि ते वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं काम सावकाराचं, मजुराचं नव्हे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार! उचलसुद्धा त्याहून मोठी असते.

तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. तातडीचं असेल तर ११२, मुलं असतील तर १०९८. भट्टी नेमकी कुठे, झोपड्या किती, माणसं कुठल्या गावची, एवढं टिपून ठेवा. शेठला जाब विचारायला मात्र जाऊ नका. रात्रीतून टेम्पो लागतो, आणि सकाळी अधिकारी पोचेपर्यंत ती कुटुंबं दुसऱ्याच तालुक्यात गेलेली असतात.