नळ्या बांधायला सर्जन येतो, बाळंतपणाला का नाही?

मैत्रिणींनो, आमच्या घरची एक सून पावसाळ्यात बाळंतपणाला अडली. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. जवळच्या एका सरकारी दवाखान्यात नेली, तर ड्यूटीवर सिस्टर एकटी. तिने पोट चाचपले, ठोके ऐकले आणि म्हणाली, "मावशी, बाळ आडवं आहे. सिझर लागंल, इथं नाही व्हायचं. चिठ्ठी देते, थांबू नका." दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होते, भूल देणारे नव्हते. पुन्हा चिठ्ठी. पहाटे चारला एका खासगी दवाखान्यात सुटका झाली. सुनेची पोत गहाण पडली. बाई वाचली, पोरगी वाचली, म्हणून ही गोष्ट सरकारच्या कुठल्याच रजिस्टरात नाही. मेली असती तर निदान मातामृत्यूची चौकशी झाली असती.

मला त्या सिस्टरचा राग नाही. रात्रभर एकटी बाई तीन खोल्या सांभाळते, तिच्यावर काय ओरडायचे? राग आहे तो विकासाच्या हिशोबाचा.

आमचे डोणगाव मेहकर तालुक्यात, जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला. मेहकर वीसेक किलोमीटर आणि बुलढाणा तिथून पुढे सत्तरेक. त्यापेक्षा मालेगाववरून दुसऱ्या जिल्ह्यातले वाशीम जवळ पडते. तिथेही भागले नाही की अकोल्याचे लेडी हार्डिंग. पोटात कळा घेऊन जीपमध्ये बसलेल्या बाईला जिल्ह्याची हद्द कळत नाही, खड्डा तेवढा कळतो.

आता खड्डे कमी झाले म्हणून आम्हाला सांगतात. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटर, पंचावन्न हजार कोटींच्या घरात खर्च. त्याच्या कडेने नवनगरे वसवायच्या गोष्टी चालतात. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले. त्यात बुलढाणाही आहे आणि वाशीमही, प्रत्येकी शंभर जागा. आनंद आहे. पण जरा खोलात बघा. या महाविद्यालयांची सुरुवात जिल्हा रुग्णालयांच्याच खाटांवर होते. कालपर्यंत ज्या खाटेवर तुमची-आमची बाई झोपत होती, तीच आता शिकवण्याची खाट म्हणून मोजली जाते. पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडायला पाच-साडेपाच वर्षे. आणि ते डॉक्टर डोणगावला येतील, हे कोणी लिहून दिले आहे?

आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, बाई, मिळते आहे ते तरी घेऊ, विरोध कशाला? विरोध कॉलेजला नाही. विरोध आहे तो विस्तार इमारतींवरून आणि जागांवरून मोजण्याला. बाईच्या बाजूने मोजायचे तर एकच माप आहे: रात्री बारा वाजता, घरापासून तासाभराच्या आत, सिझेरियन करणारा, भूल देणारा आणि रक्ताची पिशवी, तिन्ही एका छताखाली आहेत का? हे माझ्या मनाचे नाही. १९९२ च्या सुरक्षित मातृत्वाच्या केंद्रीय कार्यक्रमातच 'फर्स्ट रेफरल युनिट' हा शब्द आला, तो याचसाठी. तीस वर्षे उलटून गेली.

डॉक्टर मिळत नाहीत, हे उत्तर मला पाठ आहे. मग मी विचारते, नळ्या बांधायच्या शिबिराला कुठून मिळतात? खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांत टाक्याच्या ऑपरेशनचे शिबिर ठरले की सर्जन येतो, टेबल लागते, दिवे लागतात, गाडी दारात उभी राहते. १९९६ साली उद्दिष्टे काढून टाकली म्हणे, शिबिरे कुठे थांबली? बाईला मूल होऊ नये म्हणून सरकारचा सर्जन खेड्यात येऊ शकतो. मूल होताना ती मरू नये म्हणून मात्र तिनेच शहर गाठायचे!

फुकटच्या घोषणा तर विचारू नका. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषध, जेवण, जाण्या-येण्याची गाडी सगळे मोफत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत. जे रात्री मिळतच नाही ते फुकट असून काय करता? २०२४ पासून लाडक्या बहिणीच्या खात्यात पंधराशे रुपये येऊ लागले. ते आम्ही घेतो, आणि लाजतही नाही, आमच्याच कराचे आहेत. पण त्या रात्री आमच्या सुनेला लागले त्यात दोन-तीन वर्षांचे हप्ते बसले असते. आणि बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत आणणारी आशा? तिला मानधनासाठी २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर थंडीत ठाण मांडावे लागले.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले आहे की राज्यांनी आपल्या खर्चातले आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालावेत. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. तेव्हा पैसा नाही असे नाही, तो कुठे घालायचा याचा निर्णय आपल्याला न विचारता होतो.

आमच्या गटाने ठरवले आहे ते असे. एक वही घातली आहे. कोणत्या रात्री, किती वाजता, कोठून कोठे पाठवले, चिठ्ठीवर कारण काय लिहिले, गाडी कोणाची, एकूण किती पैसे लागले. बाळंतिणीचे नाव लिहीत नाही, वय आणि कितवी खेप एवढेच. ही वही आम्ही पुढच्या ग्रामसभेत वाचणार, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार. मेहकर, लोणार, रिसोड, मालेगावकडच्या गटांनीही आपापली वही घालावी. जिल्हे वेगळे असले तरी चालेल. आमच्या वहीतल्या पहिल्या पानावर आमची सून आहे: वय २२, पहिली खेप, तीन दवाखाने, साडेचार तास.