दुर्मीळ रोगाची खूण आणि बाजाराचा हिशेब

फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा हा यकृताचा दुर्मीळ कर्करोग बहुधा १० ते ३५ वर्षांच्या, एरवी धडधाकट असलेल्या तरुणांना गाठतो. त्यांचे यकृत निबर झालेले नसते. यकृताच्या नेहमीच्या कर्करोगात पुष्कळदा वाढणारे अल्फा-फीटोप्रोटीनही रक्तात सहसा वाढलेले आढळत नाही. साहजिकच संशय उशिरा येतो. गाठ समूळ कापून काढणे हाच आजही खरा भरवशाचा उपाय असल्याने हा उशीर जिवावर बेततो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली या रोगाची जनुकीय खूण शोधली. तपासलेल्या १५ पैकी १५ रुग्णांच्या गाठींत १९व्या गुणसूत्राचा सुमारे ४ लाख अक्षरांचा तुकडा गळलेला होता आणि डीएनएजेबी-१ व पीआरकेएसीए ही जनुके एकमेकांना जोडली गेली होती. शेजारच्या निरोगी ऊतीत हा जोड नव्हता. २०२० साली तो स्वादुपिंडाच्या व पित्तनलिकेच्या काही अर्बुदांतही आढळला. तेव्हा अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाची नजर अनावश्यक झाली, असे कोणी समजू नये. पण यकृतातील गाठीपुरती ही खूण अतिशय मोलाची आहे.

ही खूण रुग्णांनी दिलेल्या ऊतींतून सापडली. संशोधकांत या रोगातून बरी झालेली एक विद्यार्थिनीही होती. बाजार मात्र रुग्णांची संख्या पाहतो. अमेरिकेने १९८३ साली कायदा करून दुर्मीळ रोगांवरील औषधांसाठी कंपन्यांना ७ वर्षांची मक्तेदारी व करसवलत देऊ केली, म्हणजे लाच दिल्यावाचून भांडवल हलत नाही हे तिथल्या सरकारनेच मान्य केले! स्तनांच्या कर्करोगाशी निगडित जनुकांवर मिरियड कंपनीने तर स्वामित्वच सांगितले होते. निसर्गतः असलेल्या जनुकावर पेटंट नाही, हा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. तरी प्रयोगशाळेत केलेल्या प्रतिरूप डीएनएला त्याने मोकळीक ठेवलीच.

भारताचा पेटंट कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. निसर्गातील पदार्थाचा नुसता शोध आणि मानवी रोगनिदानाची प्रक्रिया या दोहोंना कलम ३ पेटंट नाकारते. परंतु मक्तेदारी अडविल्याने चाचणी गरिबाच्या दारी आपोआप पोचत नाही. गाठीचा मेणात बसविलेला ठोकळा टपालाने पाठविता येतो. रुग्णाला शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयातून तो शासकीय केंद्राकडे जावा आणि अहवाल विनामूल्य परत यावा, एवढी तरतूद राज्य सरकारांनी अंदाजपत्रकात करावी.