गवत कापा, पण गरिबाचा गळा नको!

मालकी म्हणजे फक्त हक्क नव्हे, मालकी म्हणजे जबाबदारीही. कायद्याचे हे साधे तत्त्व अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने मोकळ्या भूखंडांच्या मालकांना स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. वणव्याचा अतिधोका असलेल्या भागात तुमचा प्लॉट रिकामा असला आणि घर शेजाऱ्याचे असले, तरी त्या घरापासून 200 फुटांच्या आत येणाऱ्या तुमच्या जागेतील गवत 3 इंचांपेक्षा वाढता कामा नये. रस्त्याकडेची 10 फुटांची पट्टीही साफ हवी. मालकाने केले नाही तर शहर ठेकेदार लावते आणि सारा खर्च दंडासह मालमत्ता कराच्या बिलात चढवते.

हा नियम योग्यच आहे. भाव वाढेल म्हणून जमीन अडवून ठेवायची, स्वतः दूर राहायचे आणि वाळल्या गवताचा धोका शेजारच्या कुटुंबाच्या माथी मारायचा, हा कुठला न्याय? आग सातबारा पाहून हद्दीवर थांबत नाही.

पण नियम सर्वांना सारखा असला म्हणून न्याय सारखा होतो काय? अल्टाडेना पाहा. हे स्वतंत्र शहर नाही. कारभार लॉस एंजेलिस काऊंटीकडे आहे आणि तिथेही सफाईचा खर्च कराच्या बिलात येतो. एकेकाळी कृष्णवर्णीयांना बँका अनेक वस्त्यांत कर्ज देत नसत, घरे विकली जात नसत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या थोड्या ठिकाणी त्यांना घर घेता आले, त्यांपैकी पश्चिम अल्टाडेना एक. 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी ईटन आग लागली. पश्चिम भागाला घरे सोडण्याचा आदेश मिळाला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर! या आगीत 9,000 हून अधिक वास्तू नष्ट झाल्या. त्या रात्री वादळी वाऱ्याने निखारे घराघरांवर उडवले. केवळ गवत कापले असते तर सारे वाचले असते, असे म्हणणे मृतांवर अन्याय ठरेल.

काल ज्यांचे घर होते, ते आज मोकळ्या भूखंडाचे मालक झाले. मलबा सरकारी खर्चाने उचलला गेला, पण दर पावसाळ्यानंतर गवत पुन्हा उगवणार. भाड्याने दूर राहणाऱ्या, विम्यासाठी खेटे घालणाऱ्या वृद्ध विधवेला आणि प्लॉटमागून प्लॉट विकत घेणाऱ्या कंपनीला कायद्याच्या कागदावर एकच नाव आहे : मालक. बिल भरले नाही तर थकबाकी चढते. थकबाकी वर्षानुवर्षे राहिली तर जागा लिलावात जाऊ शकते. म्हणजे आगीने घर घेतले, बिलाने जमीन घ्यायची काय?

नियम सैल करा, असे आमचे म्हणणे नाही. गवत कापलेच पाहिजे. न कापलेला प्लॉट उद्या पुन्हा गरिबाच्याच घराला जाळील. मागणी एवढीच, की ज्याचे घर त्या जागेवर जळाले, त्याच्या जागेची सफाई घर उभे राहीपर्यंत सरकारने स्वखर्चाने करावी आणि नफ्यासाठी जमीन अडवणाऱ्याकडून पै न् पै वसूल करावी. असमान माणसांना समान बिल पाठवणे म्हणजे समता नव्हे!