पट घटला, की समाजाने पाठ फिरवली?

जून महिन्यात शाळा उघडल्या की पहिलीच्या पटाची मोजदाद सुरू होते आणि मराठी शाळांना घरघर लागल्याची हाकाटीही. मुलेच कमी झाली, पालकांना इंग्रजी हवी, तेव्हा शाळा बंद पडणे ओघानेच आले, असा या हाकाटीचा सूर असतो. नवी मुंबईपुरता तरी हा युक्तिवाद टिकणारा नाही. २००१ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सात लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती ११ लाख २० हजारांवर गेली. दहा वर्षांत चार लाख माणसे वाढलेल्या नगरात मराठी वर्गातील बाके रिकामी राहत असतील, तर त्याचे खापर घटत्या जन्मदरावर फोडता येणार नाही.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. भूमिपुत्र आगरी-कोळ्यांनी शेती दिली, मिठागरे दिली. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या वसाहतींत आलेल्या मराठी मध्यमवर्गाने आपल्या मुलांसाठी मराठी शाळांना बळ दिले. त्याच मध्यमवर्गाची पुढची पिढी आज नातवंडांना कोणत्या शाळेच्या दारात उभी करते? गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मिरवायचे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटायचे आणि प्रवेशाचा अर्ज मात्र कॉन्व्हेंटचा भरायचा, या वर्तनाला स्वभाषाभिमान म्हणावे काय? मेकॉलेने १८३५ मध्ये जे इच्छिले, ते स्वतंत्र भारतातील पालक पदरचे शुल्क भरून पूर्ण करीत आहेत.

सरकारी धोरणही निर्दोष नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले. वर्ग लहान असावा, प्रत्येक मुलाकडे गुरुजींचे लक्ष जावे, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात शिक्षकांची पदे पटावरून ठरतात. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. तो गेला की दोन इयत्ता एकाच गुरुजींसमोर बसतात. ते पाहून उरलेले पालकही दाखला काढून नेतात. मग पट नाही म्हणून शाळा नको, असा निष्कर्ष! २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या, १४ हजारांहून अधिक शाळांसाठी ‘समूहशाळे’ची कल्पना पुढे आली. सत्तेवर कोणीही असो, मंत्रालयातील हिशेब डोकी मोजण्याचाच राहिला.

यातही समान न्याय नाही. २०१४ च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेतून वगळल्या. म्हणजे ३० मुलांचा दंडक आणि २५ टक्के जागांचे दायित्व इतरांनी पाळायचे, आणि एकाच रस्त्यावरील दुसऱ्या शाळेस ते लागू नाही! सर्वोच्च न्यायालयाच्याच द्विसदस्य पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली, हे बोलके आहे.

पालकांना इंग्रजी हवी, हे खरे. ती हवी असण्यात गैर काहीच नाही. परंतु इंग्रजी उत्तम शिकविणे वेगळे आणि सहा वर्षांच्या बालकाला गणित, परिसर सारे परक्या भाषेत गिळायला लावणे वेगळे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला आहे. आणि महापालिकेच्या शाळेविषयी पालकांना तिटकारा असतो म्हणावे, तर नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे व सीवूड्स येथे सुरू केलेल्या सीबीएसई शाळांच्या प्रवेशासाठी पालकांची रीघ लागते. पालक पळतात ते उपेक्षेपासून. तीच तत्परता पालिकेच्या मराठी शाळांच्या वाट्याला का येऊ नये?

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, परकीय सरकारने ते फेटाळले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रत्यक्ष सुरू केले. त्या परंपरेच्या वारसांनी शाळा बंद पडताना केवळ हळहळावे, हे शोभणारे नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय, पालिकेच्या व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. दिघा-तुर्भ्याच्या कष्टकरी वस्तीतील मजूर पालक त्या समितीत एकटा पडतो, कारण बोलू शकणारा, अर्ज लिहू शकणारा पालक केव्हाच दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. प्रत्येक नगरातील चार-पाच कार्यकर्त्यांनी पुढील जूनमध्ये स्वतःचे मूल जवळच्या मराठी शाळेत घातले, तर पहिलीचा वर्ग टिकेल, शिक्षकाचे पद टिकेल आणि समितीत आवाजही उठेल. मराठीवरील व्याख्यानांना गर्दी करणाऱ्यांची संख्या पुरेशी आहे. आता त्यांची मुले शाळेच्या पटावर दिसली पाहिजेत.