सुंबा बेटावरील पटोला आणि पत

इंडोनेशियाच्या पूर्व भागात, बालीपासून विमानाने सुमारे तासाभराच्या अंतरावर, सुंबा नावाचे बेट आहे. तेथील स्त्रिया सूत आधी ठिकठिकाणी बांधून रंगवतात आणि मग ते मागावर चढवतात. या वस्त्रांवरील एका मानाच्या नक्षीचे नाव ‘पतोला रातू’ असे आहे. एके काळी ती राजघराण्यांसाठीच राखलेली असे. नावातला ‘पतोला’ म्हणजे गुजरातेतील पाटणचा पटोला होय. गुजरातच्या बंदरांतून पूर्वेकडे गेलेले पटोले मसाल्याच्या पदार्थांच्या बदल्यात विकले जात. तेथील सरदार घराण्यांनी ते पिढ्यानपिढ्या ठेव म्हणून जपले आणि विणकरांनी त्यांची नक्षी आपल्या मागावर उतरवली. पाटणचे साळवी विणकर बाराव्या शतकात राजा कुमारपाळाच्या आमंत्रणावरून जालन्याकडून तिकडे गेले, असे त्या समाजाची परंपरा सांगते. तेव्हा या दूरच्या बेटाशी आपला धागा अगदीच परका नाही.

आज त्या मार्गाने कापड जात नाही, पैसा जातो. बालीतील जमिनीचे भाव चढल्यानंतर दलालांची दृष्टी सुंबासारख्या बेटांकडे वळली आहे. निळा समुद्र, पांढरी वाळू, ‘आज घ्या, दहा वर्षांत बाली होईल’ अशी बोली, हे सारे व्यापारी घरांतील तरुणांपर्यंतही पोहोचते. बेट सुंदर आहे यात शंका नाही. परंतु सौंदर्य हे तारण नव्हे. व्यवहार करणाऱ्याने आधी भूमी, मग माणसे आणि मग कायदा समजून घ्यावा, हे उत्तम.

सुंबाचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित मोठे. वस्ती साडेसात लाखांहून अधिक. पूर्वेस वाइंगापू आणि पश्चिमेस तांबोलाका येथे विमानतळ आहेत. वर्षातील बरेच महिने कोरडे जातात. पूर्वेकडील माळरान उन्हाळ्यात पिवळे पडते आणि पाणी हाच रोजच्या जगण्यातला पहिला प्रश्न असतो. मलेरिया हा बेटाचा जुना शत्रू आहे. पूर्वजांना पूजणारा ‘मारापू’ हा प्राचीन धर्म तेथे आजही जिवंत आहे. उंच निमुळत्या गवती छपरांची घरे आणि घरांसमोरच दगडी समाध्या, अशी गावांची रचना असते. समाज ‘कबिसू’ म्हणजे कुळांत विभागलेला असून जमीन ही पुष्कळदा कुळाची ठेव मानली जाते. अंत्यविधीला म्हशींचा बळी देण्याची प्रथा आहे आणि त्यावरून घराण्याची प्रतिष्ठा मोजली जाते. शाकाहारी कुटुंबास भात, मका, भाज्या आणि सोयाबीनपासून केलेले ‘तेंपे’ यांवर तेथे राहता येईल. मात्र शेजाऱ्याच्या सुखदुःखात सहभागी कसे व्हावे, हा प्रश्न त्यास रोज सोडवावा लागेल. केवळ नफ्याचा तक्ता मांडून जाणाऱ्यास या प्रश्नाची कल्पनाही नसते.

या बेटावर यशस्वी झालेली एक गुंतवणूक जगप्रसिद्ध आहे. क्लॉड आणि पेट्रा ग्रेव्ह्ज हे दांपत्य १९८८ साली पश्चिम सुंबाच्या निहिवातू किनाऱ्यावर पोहोचले आणि प्रारंभी तेथेच तंबू ठोकून राहिले. जमीन मिळवणे, गावकऱ्यांचा विश्वास संपादणे आणि बांधकाम करणे यांत दशकाहून अधिक काळ गेला. २००१ साली सुंबा फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिने आसपासच्या गावांत विहिरी आणि पाण्याची ठिकाणे केली, दवाखाने चालवले आणि मलेरियाविरुद्ध काम केले. २०१२ साली ख्रिस बर्च आणि जेम्स मॅकब्राइड यांनी ते विश्रामस्थान विकत घेतले. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे एका नामवंत अमेरिकी प्रवास मासिकाच्या वाचकांनी त्यास जगातील सर्वोत्तम हॉटेल ठरवले. दलाल ही कथा शेवटाकडून सांगतात. ती आरंभापासून वाचल्यास दिसते की, पहिल्या दहा-बारा वर्षांत या खात्यात जमेपेक्षा नावे बाजूच भरत होती.

आता कायद्याकडे वळू. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० सालचा आहे. पूर्ण मालकीला तेथे ‘हक मिलिक’ म्हणतात. आपले ‘हक्क’ आणि ‘मिल्कियत’ हे शब्दही त्याच अरबी मुळाचे. म्हणून अर्थ सहज कळतो. परंतु हा हक मिलिक तेथील नागरिकांसच मिळतो, परदेशी व्यक्तीस नाही. परदेशी व्यक्तीस निवासासाठी ‘हक पकाइ’ म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. २०२१ च्या नियमांनुसार तो प्रथम ३० वर्षे, मग २० वर्षांची मुदतवाढ आणि त्यानंतर ३० वर्षांचे नूतनीकरण, असा असतो. व्यवसाय करायचा असल्यास परदेशी भांडवलाची कंपनी स्थापावी लागते. तिच्या नावे ‘हक गुना बांगुनान’ म्हणजे बांधकामाचा हक्क मिळतो. त्याच्याही मुदती अशाच आहेत. अशा कंपनीची गुंतवणूक, जमीन व इमारत वगळून, १० अब्ज रुपियाहून अधिक असावी लागते. आपल्या चलनात ही रक्कम पाच कोटींच्या आसपास जाते. समुद्रकिनाऱ्यापासून भरतीच्या उच्चतम रेषेच्या आत किमान १०० मीटर पट्टा मोकळा राखण्याचा नियमही आहे; आणि जाहिरातीतील चित्र नेमके त्याच पट्ट्यातले असते.

येथेच दलाल तिसरा मार्ग सुचवतो. जमीन एखाद्या स्थानिकाच्या नावे घ्यायची, आणि त्याच्याकडून कर्जाचा कागद, कुलमुखत्यारपत्र व दीर्घ भाडेपट्टा लिहून घ्यायचा. आपल्याकडे यास बेनामी म्हणतात आणि त्याची फळे वाचकांना सांगायला नकोत. १९६० च्या कायद्याच्या कलम २६ नुसार परदेशी व्यक्तीकडे मालकी नेण्याच्या हेतूने केलेला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. म्हणजे व्याज तर नाहीच, मुद्दलही बुडाले. २००७ च्या गुंतवणूक कायद्यानेही दुसऱ्याच्या नावे भाग धारण करण्याचे करार निरर्थक ठरवले आहेत. ज्याच्या नावे जमीन आहे तो माणूस सज्जन असला, तरी त्याचे वारस कोण असतील हे कोण सांगणार?

कागद शुद्ध असला म्हणजे सारे झाले, असेही नाही. पश्चिम सुंबातील मारोसी किनाऱ्यावरील जमीन एका कंपनीने नव्वदच्या दशकात घेतली आणि पुढे दीर्घकाळ ती पडीक राहिली. एप्रिल २०१८ मध्ये तिच्या मोजणीस गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा गोळी लागून एका स्थानिक रहिवाशाचा मृत्यू झाला. कंपनीच्या दृष्टीने ती घेतलेली जमीन होती. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती वडिलोपार्जित होती. मोजणीच्या साखळीपाशी हे दोन हिशेब समोरासमोर आले आणि त्याची किंमत एका घराने चुकवली. भाव वाढेल म्हणून जमीन अडवून ठेवणे, हा आपल्याकडे चातुर्याचा भाग मानला जातो. ज्या गावाचे जगणेच त्या जमिनीवर आहे, तेथे मात्र ते चातुर्य राहत नाही.

चलनाचा धोका निराळा. १९९७ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मिळत. १९९८ च्या जूनमध्ये तो दर १५,००० च्या पलीकडे गेला. रुपियात मिळणारे भाडे डॉलरात मोजणाऱ्याचे उत्पन्न वर्षभरात एक षष्ठांशाच्या आसपास आले. शिवाय मुदतीचा हक्क दरवर्षी झिजतो. ३० वर्षांच्या हक्कातील पंचवीस वर्षे सरल्यावर तो विकायला निघणाऱ्यास उरलेल्या पाच वर्षांचेच गिऱ्हाईक शोधावे लागते.

भारतातील बाजूही सांभाळावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. परदेशात कंपनी स्थापायची तर त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत आणि व्यवहार अधिकृत बँकेमार्फतच व्हावा लागतो. परदेशातील मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे. ती न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. दूरच्या बेटावरील जमीन कोणास कळणार, असे मानणे हा भ्रम आहे.

मग जावेच नये का? असे नाही. प्रथम एक वर्ष भाड्याने राहावे, तेही पावसाळा आणि कोरडा काळ असे दोन्ही पाहून. भाषा शिकावी. मध्यस्थाखेरीज गावच्या ज्येष्ठांशी आणि कुळाच्या प्रमुखांशी बोलावे. स्वतंत्र नोटरीकडून जमीन कार्यालयातील नोंद तपासून घ्यावी. बुडाली तरी घर व पेढी डगमगणार नाही, एवढीच रक्कम गुंतवावी. मुदत संपताना आपण काय घेऊन निघू आणि गावात काय ठेवून जाऊ, हे आरंभीच लिहून ठेवावे. एवढे करूनही मन तयार असेल, तर त्या गुंतवणुकीस अर्थ आहे.

पटोला घेऊन गेलेल्या व्यापाऱ्यांनी सुंबात जमीन मागितली नाही. त्यांनी उत्तम माल दिला, मोबदला घेतला आणि ते परतले. त्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. तरीही त्यांच्या मालाचे नाव तेथील विणकर स्त्रिया आजही घेतात.