न पाहण्याचा दोष

योग्य काय आणि अयोग्य काय, हे ठरविताना माणूस बहुधा तीन आधार शोधतो : पूर्वापार चालत आले आहे, सगळेच असे करतात, किंवा मनात वाईट हेतू नव्हता. यांतील पहिला आधार बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मोडून काढला. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरी गावात रूढीचेच राज्य होते. २० मार्चला ओंजळीत घेतलेल्या त्या पाण्याने सिद्ध केले की, प्रथा जुनी असली म्हणून न्याय्य ठरत नाही. उरलेल्या दोन आधारांचा विचार मात्र आपल्याला आपल्याच परिसरात करावा लागतो.

४ एप्रिल २०१३ रोजी सायंकाळी शीळफाटा येथील लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली. ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मजूर होते, लहान मुले होती. इमारत अनधिकृत होती. वर बांधकाम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. बांधकाम व्यावसायिकांबरोबरच महापालिकेच्या काही अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही अटक झाली. कायद्याने दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. नैतिक प्रश्न मात्र आपणा सर्वांचा आहे.

कोणी म्हणेल, माणसे मारण्याचा हेतू तर कोणाचाच नव्हता. आणि चेतना म्हणजेच कर्म, असे धम्मच सांगतो. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश येथे आठवावा. आरशात मुख पाहावे तसे आपले प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतरही पाहावे. त्याने स्वतःला किंवा इतरांना पीडा होईल का, हे तपासावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही. परिणामाकडे डोळे उघडून पाहणे हाही शीलाचाच भाग आहे. जो पाहू शकत होता आणि ज्याने पाहिले नाही, त्याचा प्रमाद हेतूच्या आड लपत नाही. ‘सगळेच करतात’ हे वाक्य तर न पाहण्याची सोय म्हणूनच उच्चारले जाते.

दोषाचे माप मात्र सर्वांना सारखे लावता येणार नाही. स्वस्त भाड्याची खोली घेणाऱ्या मजुरापुढे दुसरा निवारा नव्हता. मजले चढविणाऱ्यापुढे आणि डोळेझाक करणाऱ्यापुढे पर्याय होते. ज्याच्या हाती निवड अधिक, त्याच्यावर जबाबदारीही अधिक. शिवाय केवळ नियमावर बोट ठेवूनही भागत नाही. अनधिकृत घर पाडणे कायदेशीर असेल. पण त्यातील मुले त्या रात्री कोठे झोपतील, हे न विचारता ते पाडणे हेही न पाहणेच होय. नियम सवयीने पाळला जातो, तत्त्वाने मात्र विचारपूर्वक वागावे लागते आणि आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावी लागते, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात मांडला होता.

आपली मुले रोज पंचशील ग्रहण करतात. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील त्यांना तोंडपाठ असते. ते शील सिमेंटच्या प्रमाणात, तपासणीच्या शेऱ्यात आणि भाडेपावतीतही पाळावयाचे असते, हे त्यांना सांगणे आपले काम आहे. या शाळेतून बाहेर पडलेला कोणी आज अभियंता असेल, कोणी कार्यालयात कागद पुढे सरकवीत असेल, कोणी ठेकेदार असेल. त्या सर्वांना आमची एकच विनंती आहे : सही करण्यापूर्वी त्या छताखाली कोण झोपणार आहे, याचा विचार करावा. पालकांनीही मुलाला ‘किती गुण मिळाले’ असे विचारताना ‘तुझ्यामुळे आज कोणाला त्रास तर झाला नाही ना?’ असेही विचारावे. हा प्रश्न विचारण्याची सवय घराघरांत रुजली, तर बुद्ध, फुले आणि आंबेडकर यांचे नाव घेण्याचा अधिकार आपण कमावला असे म्हणता येईल.