बेसबॉलची बॅट तुटली की भाला का होते?

१९ सप्टेंबर २०१०. शिकागो कब्जचा टायलर कॉल्विन तिसऱ्या बेसवरून होमकडे धावत होता. तेवढ्यात सहकाऱ्याच्या तुटलेल्या बॅटचा टोकदार तुकडा थेट त्याच्या छातीत घुसला. तो वाचला, पण त्याचा मोसम तिथेच संपला.

असं का होतं?
पूर्वी बहुतेक बॅट अ‍ॅशच्या लाकडाच्या असत. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मेपलच्या बॅटने ७३ होम रन मारले आणि मेपलची क्रेझ वाढली. अ‍ॅशला सहसा आधी चिरा पडतात. मेपलचे तंतू तिरके असतील, तर मात्र एकाच फटक्यात तुकडे उडतात.

उपाय काय झाला?
२००८ मध्ये अमेरिकी वनविभागाच्या तज्ज्ञांनी तुटलेल्या बॅट तपासल्या. आता मेपलच्या बॅटवर शाईचा ठिपका देतात. शाई तंतूंच्या दिशेने पसरते आणि तिरकेपणा लगेच दिसतो. पुढच्या पाच वर्षांत बॅटचे तुकडे होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मग धोका संपला?
नाही. २०१५ मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये अशाच तुकड्याने एक प्रेक्षक महिला गंभीर जखमी झाली. त्यानंतर प्रेक्षकांसमोरच्या जाळ्या वाढल्या. मैदानातल्या खेळाडूसमोर मात्र जाळी नसते. त्याचा जीव त्या शाईच्या ठिपक्यावरच अवलंबून आहे.